हंसाची वाकडी मान

सत्यभामाबाई निकम यांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार होते: मठ्ठ आणि अतिमठ्ठ. पहिल्या प्रकारात त्यांनी आपल्या यजमानांना बसवलं होतं, आणि तेही इतक्या वर्षांचा संसार झाला म्हणून, सवलतीचे गुण देऊन. बाकी सगळं बेलापूर दुसऱ्या प्रकारात.

बाईंनी आयुष्यभर वाशीच्या एका शाळेत भूगोल शिकवला. शाळेत गणिताच्या सरांना मान असतो, इंग्रजीच्या बाईंना शिकवण्या असतात, आणि भूगोलाच्या बाईंना नकाशे गुंडाळून ठेवायचं एक कपाट असतं, ज्यात पी.टी.चे सर आपल्या फुटबॉलांची हवा काढून ठेवतात. दहावीच्या पोरांनी महाराष्ट्राच्या नकाशात सातारा अरबी समुद्रात बुडवलेला बाईंनी उघड्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि बाई साताऱ्याच्या. माहेर बुडवणाऱ्या जगाबद्दल माणसाला काय प्रेम राहणार?

निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, पण तुच्छता सुटली नाही. ती सगळी सोसायटीच्या वाट्याला आली. 'नवी मुंबई' या शब्दाचाच त्यांना राग होता. "नवी कसली? साडेसहा कोटी वर्षांची जमीन आहे ही. नवे आहेत ते फक्त जिने, आणि तेसुद्धा गळतात."

सोसायटीचं नाव शैलसौरभ. शैल म्हणजे पाठीमागचा पारसिकचा डोंगर आणि सौरभ म्हणजे कोपऱ्यातली कचराकुंडी, असं बाई पाहुण्यांना पत्ता सांगताना सांगत. बिल्डरने आणखी एक इमारत बसावी म्हणून डोंगराचा पायथा खरवस कापावा तसा उभा कापला होता आणि कापलेल्या तोंडाशी एक उंच भिंत बांधली होती. त्या भिंतीला लागून आवार, आणि आवाराला लागून तळमजल्यावर बाईंची मागची गॅलरी.

आता कुणी विचारेल, एवढं भूगोलाचं ज्ञान असताना बाईंनी इथं घर घेतलंच कसं? बाईंनी घेतलंच नव्हतं. त्या शाळेची सहल घेऊन रायगडावर गेल्या होत्या, तेवढ्यात कृष्णातरावांनी बुकिंग करून टाकलं. कृष्णातराव निकम वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर नोकरीला होते. स्वभावानं बटाट्यासारखे. कुठल्याही भाजीत घाला, तक्रार नाही. बाई रायगड उतरून आल्या तर हे पेढे घेऊन दारात.

"मागं डोंगर हाय बघ, बाई. हवा लागंल."

सगळं जग बाईंना 'बाई' म्हणायचं, म्हणून नवराही घरात 'बाई'च म्हणायचा.

"हवा लागेल," बाई म्हणाल्या, "आणि एक दिवस डोंगरही लागेल."

पण त्या राहायला गेल्या. भिंतीला खालच्या अंगाला ओळीनं भोकं ठेवली होती, आणि ती बघून त्यांनी बिल्डरच्या इंजिनियरला मनातल्या मनात मठ्ठांतून काठावर पास केलं. पावसाळ्यात डोंगरात मुरलेलं पाणी त्या भोकांतून बाहेर यायचं. सकाळी चहाचा कप घेऊन बाई गॅलरीत बसत आणि शाळेत पोरांची हजेरी घ्यावी तशी भोकांची हजेरी घेत. कुठलं वाहतंय, कुठलं दांडी मारतंय. एखादं भोक तुंबलं, तर छत्रीची काडी घालून मोकळं करून येत. सोसायटीत त्यांचं जिव्हाळ्याचं नातं जर कुणाशी असेल, तर ते भिंतीच्या भोकांशी.

आणि नेमकी तीच सोसायटीच्या डोळ्यांत खुपत होती.

सेक्रेटरी दिलीप चेऊलकर. मूळचे कोकणातले, एका सहकारी बँकेत ऑफिसर, आणि सौंदर्यदृष्टी फार. जिथं म्हणून थोडी मोकळी जागा दिसेल तिथं कुंडी ठेवायची, कुंडीला गेरू लावायचा, आणि गेरूवर पांढरा पट्टा ओढायचा, हे त्यांचं सौंदर्य. बाईंनी एकदा भर सभेत त्यांना सांगितलं होतं, "चेऊलकर, तुम्हाला उत्तर दिशा शोधायला होकायंत्र लागेल, आणि होकायंत्र शोधायला बायको लागेल." सभा हसली होती. चेऊलकर हसले नव्हते.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालच्या गणपतीतली. श्रावणात बाई बहिणीकडे साताऱ्याला जाऊन आल्या. रिक्षातून उतरल्या, आवारात शिरल्या, आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली आली.

भिंत रंगवली होती. नुसती रंगवली नव्हती, तिच्यावर देखावा काढला होता. मागं बर्फाचे डोंगर, मधे निळं तळं, तळ्याकाठी नारळाची झाडं, आणि तळ्यात भलामोठा हंस. त्याची मान पेंटरनं हौसेनं लांबवली होती, अगदी जमिनीपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत. बर्फाशेजारी नारळ बघून बाईंच्यातला भूगोल आतल्या आत कळवळला. पण खरा धक्का वेगळाच होता.

"भोकं कुठं गेली?"

चेऊलकर झेंडूच्या कुंड्यांना पट्टे ओढत होते. ते उठून उभे राहिले. "बुजवली! सिमेंट मारून, वरून फिनिशिंग. दर पावसाळ्यात चिखलाचे ओघळ यायचे बाई, पेंटिंगचा सत्यानाश झाला असता. आता कसं, एकदम प्लेन."

झाडणारी गोजरा खालच्या गावातली. ती झाडू टेकवून म्हणाली, "बेस केलं दिलीपशेटनी. रोज त्या चिखलाचा पानी पुसून माझी कंबर गेलेली, बाय. आता कसा कोरडा हाय!"

बाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा चेऊलकरांकडे. अतिमठ्ठाच्या पलीकडे अजून एखादा वर्ग काढावा लागणार, हे त्यांना त्या क्षणी समजलं.

त्याच आठवड्यात गणपतीची सभा होती. मंडप कुठं घालायचा यावर चर्चाच झाली नाही. भिंतीलगत, हंसाच्या पुढ्यात, हे सगळ्यांना आपोआपच सुचलं होतं. पोरांच्या वेशभूषेचं स्टेजही तिथंच. बाई उभ्या राहिल्या.

"त्या भिंतीमागं पाणी साठतंय. डोंगर पाऊस पितो, आणि प्यायलेलं कुठंतरी बाहेर काढतो. तुम्ही त्याचं बाहेर काढायचं दार लिंपून टाकलंत. भिंत माती अडवते. पाणी अडवायला ती बांधलेली नाही. भोकं उघडा. नाहीतर एक दिवस भिंत, माती, डोंगर, सगळं त्या मंडपावर येईल, आणि खाली पोरं असतील."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर कदाचित कुणी ऐकलंही असतं. पण बाईंना वाक्य पूर्ण करायची सवय. "पण हे कळायला चौथीचा भूगोल लागतो, आणि इथं चौथी पास कोण आहे याची मला शंकाच आहे."

झालं. चौथी पास असलेले सगळे एकदम खवळले. "बाई, भिंत आरसीसी आहे," चेऊलकर म्हणाले. "बाई, डोंगराला तारीख विचारून ठेवा ना, पाणी भरून ठेवायला बरं," मागून कुणीतरी. "लिफ्ट पडणार म्हणाला होतात, पडली का? आंब्याचं झाड मरणार म्हणाला होतात, त्याला मोहोर आला!" बाईंनी गेल्या काही वर्षांत सोसायटीला इतक्या वेळा मठ्ठ म्हटलं होतं, की आज लोकांच्या कानात शिरताना त्यांच्या इशाऱ्याचाही नुसता 'मठ्ठ' झाला होता. भोकं उघडू नयेत असं ठरलं. हात वर करून. गोजराचाही हात वर होता, ती सभासद नसताना.

घरी आल्यावर कृष्णातराव सुपारी कातरत म्हणाले, "तुझं बरूबरच आसतंय, बाई. पर तू ते असं फेकून मारतीस, की घेणारा आधी डोकं सांभाळतुया."

"तुम्ही सुपारी कातरा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दारात निशांत उभा. निशांत हा सांस्कृतिक समितीचा प्रमुख, कंप्युटरचा कोर्स करणारा, कमरेला पेजर. त्या पेजरवर त्याच्या आईखेरीज कुणाचाही निरोप आलेला कुणी पाहिला नव्हता.

"मॅडम, मोठा लोचा झालाय. आपण कारगिलचा देखावा करत होतो ना, तर बाजूच्या सोसायटीत पण कारगिल, समोर पण कारगिल, सेक्टरमध्ये सगळीकडेच कारगिल. मग आपण ठरवलं काहीतरी हटके. डोंगर तर बनलाय. त्याला वरून भोक पाडलं की ज्वालामुखी!"

"काय पाडलं की?"

"भोक. आत लाल बल्ब, धूर, साऊंड. परीक्षक येणारेत मॅडम, वॉर्डाची स्पर्धा आहे. तुम्ही जिऑग्राफीवाल्या, जरा मार्गदर्शन..."

बाईंचा हात दार लावायला उठला होता. देखावा या प्रकाराबद्दलच त्यांना आयुष्यभर किळस. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी एक मठ्ठ पोर मातीचा डोंगर करायचं, त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतायचं, लाल फेस यायचा, आणि पालक टाळ्या वाजवायचे. ज्वालामुखी म्हणजे फसफसणारा सोडा. पण उठलेला हात मधेच थांबला. ज्यांना कानानं कळत नाही त्यांना डोळ्यांनी दाखवावं, हा प्राथमिक शिक्षणशास्त्रातला पहिला धडा त्यांना आठवला.

"करते," बाई म्हणाल्या. "पण मी सांगेन तसं. गोणपाट नको. खरी माती, मुरूम, कौलांचे तुकडे आणि चिकणमाती. आणि बल्ब गेला खड्ड्यात."

"बल्ब एक तरी ठेवू ना मॅडम."

"एक ठेव."

मंडपाच्या कोपऱ्यात, फळ्यांच्या मोठ्या साच्यात ज्वालामुखी उभा राहू लागला. बाई खुर्चीवर, निशांत चिखलात.

"ज्वालामुखी म्हणजे काय वाटतं तुला? शेगडी?"

"म्हणजे... डोंगर, आणि वरून लाव्हा."

"डोंगर नाही. ढीग. एकदा लाव्हा वाहिला, थिजला. मग राख पडली. परत लाव्हा, परत राख. घाईघाईत रचलेला, कुणी ठोकून बसवलेला नाही. उतार उभा, कारण वरून पडेल तसं साठत गेलं. पसर तो कौलाचा चुरा, हा लाव्हा. आता त्यावर चिकणमाती, ही राख."

"राख अशी चिकट असते?"

"नसते. होते. आतून गरम वाफा येतात, त्यांत आंबट वायू असतात. ते दगडाला वर्षानुवर्षं आतून कुजवतात. पोलादासारखा दगड, त्याची होते शाडू. वरून दिसायला केवढा पर्वत, आत शिळा भात. चेऊलकरांसारखा."

निशांत फिसकन हसला. बाईंना नाही म्हटलं तरी बरं वाटलं.

"आता पाऊस येतो. पाणी फटीफटींतून मुरत खाली जातं आणि चिकणमातीपाशी अडतं, कारण तिच्यातून पाणी पुढं सरकत नाही. तिथं साठतं. साठलं की वरच्या दगडाचं वजन आपल्या अंगावर तोलायला लागतं, पकड सुटते. तिरक्या पाटाला साबण चोळायचा आणि वर वरवंटा ठेवायचा, तसं. मग थोडीशी जमीन हलली, किंवा कुणा शहाण्यानं पायथा कापला, की वरचा अख्खा कडा निघाला. त्याला आग लागत नाही, धूर लागत नाही."

"मग मजा काय त्याच्यात?" निशांतनं मनापासून विचारलं.

बाई बोलल्या तेव्हा आवाज जरा खाली आला होता. "गेल्या दिवाळीनंतर पेपरात आलं होतं. छोटीशी बातमी, क्रिकेटच्या खाली. निकाराग्वा म्हणून देश आहे. तिथं एक ज्वालामुखी, कधीचा झोपलेला. वादळ आलं, पाऊस थांबेना. डोंगराची एक कूस सुटली आणि चिखल होऊन खालच्या गावांवर गेली. माणसं हजारांवर गेली. ज्वालामुखी जागासुद्धा झाला नव्हता."

निशांतचे हात थांबले. "पण मॅडम, आपला पारसिक ज्वालामुखी नाही ना?"

"ती भिंतीच्या वर, कापलेल्या डोंगरात लाल फीत दिसते का? वर काळा दगड, खाली काळा दगड, मधे लाल माती. दोन्ही दगड लाव्हाचे. आपल्याकडे टोकदार डोंगर नव्हता, भुईला भेगा पडून लाव्हा पसरला, थरावर थर. ती लाल माती म्हणजे दोन थरांमधला साबण. ज्वालामुखी विझून कोट्यवधी वर्षं झाली, साबण तसाच आहे."

निशांतनं फीत बघितली, भिंत बघितली, हंस बघितला. मग म्हणाला, "मॅडम, लाल बल्ब फितीच्या मागं लावू का?"

पायथ्याशी बाईंनी पुठ्ठ्याची भिंत लावून घेतली, तिला भोकं, आणि भिंतीपुढं पोरांकडून थर्माकोलची सोसायटी. पोरांनी ती जीव ओतून केली. कुंड्यासुद्धा ठेवल्या, पांढऱ्या पट्ट्यांच्या. एका खिडकीत चष्मेवाला माणूस चिकटवला, तो चेऊलकरांसारखा दिसत नव्हता असं म्हणणं धाडसाचं झालं असतं.

गणपती बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती झाल्यावर परीक्षक आले. मंडप भरला. बाईंनी माइक घेतला, आणि कृष्णातराव झारी घेऊन डोंगरामागं उभे राहिले, घरचाच पाऊस म्हणून.

पहिल्यांदा भोकं उघडी ठेवून पाणी घातलं. भोकांतून गढूळ पाणी आलं, डोंगर जागच्या जागी.

"आग कधी?" पुढच्या रांगेतून आवाज.

मग बाईंनी सगळ्यांच्या देखत, एकेका भोकात कणकेची गोळी ठोसली. "हे आपण श्रावणात केलं," त्या माइकवर म्हणाल्या. कृष्णातरावांनी झारी कलंडली. काही होईना. लोक चुळबुळले. मग वरच्या अंगाला, कौलांच्या चुऱ्यात, केसाएवढी चीर दिसली. पुठ्ठ्याची भिंत गरोदर बाईसारखी पुढं आली. आणि एका दमात, काही आवाज न करता, डोंगराची अख्खी कूस सुटून खाली आली. भिंत आडवी. सोसायटी, कुंड्या, चष्मेवाला, सगळं लाल चिखलाखाली. धूर नाही, आग नाही. मंडपात शांतता पसरली.

बाईंनी माइक खाली केला. कळलं, त्यांना वाटलं. शेवटी एकदाचं कळलं.

आणि मंडप टाळ्यांनी कोसळला. "वन्स मोअर!" शिट्ट्या. एक परीक्षक दुसऱ्याला म्हणाले, "हलता देखावा म्हणतात तो हा!" चेऊलकर तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. ते बाईंजवळ आले आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, पोरांनी एवढी मेहनत करून सोसायटी बनवली, ती पाडायची काय गरज होती? थोडं पॉझिटिव्ह दाखवायला काय जातं?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोसायट्या रांग लावून दरड बघायला आल्या. पोरांनी थर्माकोलच्या आणखी इमारती करून ठेवल्या, प्रत्येक खेळाला एक. बाया कडेवरच्या बाळांना सांगत होत्या, "बघ हं, आता धाडकन पडणार, बघ!" बाईंना आयुष्यात पहिल्यांदा श्रोते मिळाले होते, आणि त्यांच्याइतकी एकटी बाई त्या मंडपात दुसरी नव्हती. माणसांना प्रलय दाखवला तर ती आधी पुढची खुर्ची धरतील, हे ज्ञान त्यांच्या पदरी पडलं.

पाऊस सुरूच होता. चौथ्या दिवशी सकाळी बाई चहाचा कप घेऊन गॅलरीत बसल्या आणि त्यांना हंस दिसला.

हंसाची मान वाकडी झाली होती.

आधी त्यांना वाटलं, आपला चष्मा. चष्मा पुसला. मान वाकडीच. मधोमध फुगून पुढं आली होती, घशात काहीतरी अडकल्यासारखी. बाईंनी आतून दोरा आणला आणि हाताला लागला तो कृष्णातरावांचा अडकित्ता त्याला बांधला. स्टुलावर चढून दोरा भिंतीला, हात पोचेल तितक्या उंचावर धरला. दोरा सरळ लोंबायला हवा होता. तो हंसाच्या मानेवर टेकून राहिला. भिंतीचं पोट पुढं आलं होतं. रंगाला बारीक चिरा गेल्या होत्या, आणि जिथं भोकं बुजवली होती तिथं ओलीचे डाग उमटले होते.

त्या संध्याकाळी पोरांची वेशभूषा होती. स्टेज हंसाच्या पुढ्यात.

बाई तशाच, अडकित्ता हातात, चेऊलकरांच्या दारात गेल्या. "चला. हंस बघा."

चेऊलकर आले, बघितला. "पेंटरनं वाट लावली," ते म्हणाले. "म्हटलंच होतं मी, मान जरा नाजूक काढ."

"भिंत फुगलीय, माणसा! पेंटर नाही!"

"बाई, सणासुदीचं असं अभद्र बोलू नका. रंग धरला नाही की असं दिसतं." आणि गेले देवाला दूर्वा आणायला.

बाई घरी येऊन मटकन बसल्या. कृष्णातरावांनी त्यांच्या हातातून आपला अडकित्ता हळूच सोडवून घेतला.

"मी स्टेजवर आडवी पडते," बाई म्हणाल्या. "बघू कसा कार्यक्रम करतात."

"तू आडवी पडलीस, तर त्यो बी देखावाच समजतील. टाळ्या पडतील." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "त्यास्नी दरड नको गं बाई. देखावा पायजे. देखावाच दे."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. सवलतीचे गुण देऊन पास केलेला हा विद्यार्थी अधूनमधून असं काहीतरी लिहून जायचा, की पेपर पुन्हा तपासावासा वाटे.

त्या उठल्या, बरी साडी नेसल्या आणि पुन्हा चेऊलकरांकडे गेल्या. घरच्या गणपतीला नमस्कार केला. चेऊलकरांच्या सौभाग्यवती मंजुषाताईंनी मोदक पुढं केला. बाईंनी तो खाल्ला आणि "छान झालाय" म्हणाल्या. मंजुषाताईंच्या हातातलं ताट हललं. इतक्या वर्षांत बाईंनी शैलसौरभमध्ये कशालाही छान म्हटलेलं नव्हतं.

"दिलीपराव," बाई म्हणाल्या, आणि प्रत्येक शब्दागणिक त्यांच्या जिभेला फोड येत होता, "भिंतीवरचा तुमचा देखावा... सुंदर आहे."

चेऊलकर खुर्चीवर सरळ बसले.

"डोंगर आहेत, तळं आहे, हंस आहे. फक्त एका गोष्टीची उणीव आहे. धबधबा. त्या डोंगरांखालून खरं पाणी पडत असतं, खरं, वाहतं, तर वॉर्डात कुणाकडे असा देखावा नसता. आणि पाणी तर भिंतीमागं तयारच आहे. फुकट. नुसती भोकं उघडायचा अवकाश. मात्र स्टेजवर शिंतोडे येतील, तेवढं स्टेज पुढं पार्किंगमध्ये हलवावं लागेल."

चेऊलकरांच्या चेहऱ्यावर एक प्रकाश पसरला. ज्या प्रकाशासाठी बाईंनी ज्वालामुखी रचला, दरड पाडली, निकाराग्वा सांगितला, तो या एका शब्दानं पसरला. ते उठलेच. "निशांत! अरे छिन्नी आण! हातोडा आण! स्टेज पुढं घ्या! मला एक आयडिया सुचलीये!"

सुचलीये, बाईंनी ऐकलं. ओठ घट्ट मिटून ऐकलं.

सगळी सोसायटी धबधबा बघायला जमली. "बाजूला उभे राहा, समोर नको," बाई सांगत होत्या. निशांत त्यांचं ऐकून कडेला सरकला. चेऊलकर मात्र पहिला मान आपला म्हणून नवा झब्बा घालून हंसाच्या पोटाशी बसले आणि छिन्नीवर घाव घातला. एक, दोन, चार. सिमेंटचं बूच हललं. आणि आतून असा फवारा सुटला, की बूच चेऊलकरांच्या चष्म्याला चाटून गेलं आणि चेऊलकर झेंडूच्या कुंडीत बसले. पाणी लाल होतं. पुढचं भोक निशांतनं कडेनं उघडलं. तेही लाल. मग तिसरं. एकापाठोपाठ एक सगळी भोकं, नळाला कितीक दिवसांनी पाणी यावं तशी, खाकरत, चिखल थुंकत, मोकळी झाली. निळं तळं गेरूसारखं लाल झालं. हंसाचं बदक झालं. गोजरा कपाळावर हात मारून म्हणाली, "आता हा पानी मीच पुसाचा ना!"

"वा!" लोक म्हणाले. "काय नॅचरल!"

बाई गॅलरीत जाऊन बसल्या. कृष्णातरावांनी चहा आणून दिला आणि काही बोलले नाहीत. मार्केटात राहून त्यांना एवढं कळत होतं, की ओझं नुकतं उतरलेल्या माणसाशी लगेच बोलू नये.

वेशभूषा पार्किंगमध्ये झाली. एक पोर ज्वालामुखी होऊन आलं, डोक्याला लाल बल्ब, त्याला पहिलं बक्षीस. पाऊस विसर्जनापर्यंत कोसळत राहिला आणि भोकं रात्रंदिवस वाहत राहिली. भिंत पडली नाही. दरड आली नाही. काहीसुद्धा झालं नाही.

आणि काहीच झालं नाही, म्हणून बाई खोट्या ठरल्या. "बघा," लोक म्हणाले, "म्हणे डोंगर येणार! बाईंचं आपलं नेहमीचंच." वॉर्डाच्या बक्षीससमारंभात 'नैसर्गिक धबधबा' या कल्पनेबद्दल चेऊलकरांना शाल मिळाली. त्यांनी भाषणात सांगितलं, की निसर्गाशी मैत्री केली पाहिजे. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, दोन. एक शालीसाठी, एक छिन्नीसाठी.

पाऊस संपल्यावर पेंटर आला, हंसाची मान सरळ करायला. चेऊलकरांनी पाठवला होता. पाणी निघून गेलं तरी भिंतीचं पोट आत गेलेलं नव्हतं. पेंटरनं डबा उघडला, ब्रश बुडवला, तेवढ्यात बाई गॅलरीतून बाहेर आल्या. त्याला चहा दिला, बशीत चकली दिली.

"मान राहू दे तशीच."

"पन शेट बोलले, सरळ करा."

"शेटना सांग, हंस मान वळवून बघतोय असं काढलंय. आर्टिस्टिक आहे."

पेंटरनं हे चेऊलकरांना सांगितलं. चेऊलकरांनी लांब उभं राहून, मान तिरकी करून बघितलं आणि त्यांनाही ते पटलं.

तेव्हापासून दर पावसाळ्यात बाई सकाळी चहा घेऊन बसतात. आधी भोकांची हजेरी. मग अडकित्ता बांधलेला दोरा हंसाच्या मानेसमोर धरतात, भिंतीचं पोट आणखी पुढं आलंय का ते बघायला. आतून कृष्णातराव हाक मारतात.

"बाई, मान कशी हाय?"

"आहे तिथंच आहे," बाई म्हणतात. "सगळ्या सोसायटीत तेवढा एक शहाणा."